ब्लॉकच्या भाषेत लिस्ट कशी घडवावी

ब्लॉक जोडून किंवा तारा ओढून प्रोग्राम लिहायची भाषा तयार करायला घेतली, की सुरुवातीचं काम भराभर होतं. हालचालीचे ब्लॉक, 'जर–तर', 'दहा वेळा कर' हे सगळं थोड्याच दिवसांत पडद्यावर दिसू लागतं. खरा कस लागतो तो लिस्टपाशी. टाइप करून लिहायच्या भाषांत चौकोनी कंसात एक आकडा टाकला की ॲरेतला घटक मिळतो. दृश्य भाषेत त्या कंसाचं चित्र काढावं लागतं, आणि चित्र काढायला बसलं की एरवी गृहीत धरलेले प्रश्न एकेक करून समोर येतात. मोजणी शून्यापासून की एकपासून? नसलेला घटक मागितला तर काय मिळेल? एका व्हेरिएबलमधली लिस्ट दुसऱ्यात ठेवली, तर लिस्ट एकच राहिली की दोन झाल्या?

गूगलने २०१२ साली ब्लॉकली हे ब्लॉक-भाषा घडवायचं साधन खुलं केल्यापासून अशी भाषा घडवणं हे मोठ्या संस्थांपुरतं राहिलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये, शाळेच्या रोबोटिक्स किटमध्ये, घरगुती ऑटोमेशनच्या ॲपमध्ये लोक स्वतःचे ब्लॉक बनवतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं सांगणं एका वाक्यात मावतं: लिस्ट आतून जशी वागते, तसं तिचं वागणं पडद्यावर दिसलं पाहिजे. बाकी सगळे सल्ले यातूनच निघतात.

सुरुवात ब्लॉकच्या संख्येपासून करू. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये घडलेलं स्क्रॅच २००७ साली सर्वांसाठी आलं तेव्हा त्यात लिस्ट नव्हती. ती २००८ मध्ये १.३ या आवृत्तीत आली. आजच्या स्क्रॅचमध्ये लिस्टच्या नावाचा ब्लॉक सोडून लिस्टसाठी अकरा ब्लॉक आहेत: शेवटी जोडणं, मध्ये घालणं, बदलणं, एक घटक काढणं, सगळे काढणं, अमुक क्रमांकाचा घटक, अमुक घटकाचा क्रमांक, लांबी, 'आहे का?', आणि लिस्ट दाखवणं-लपवणं. एवढ्या भांडवलावर मुलांनी गुणतक्ते, शब्दखेळ, गोदामाच्या नोंदी असं काय काय बनवलं आहे. तेव्हा पहिल्या आवृत्तीत एक डझनाच्या पुढे जाऊ नका.

ब्लॉकलीने दुसरी वाट धरली. तिथे एकाच ब्लॉकवर दोन ड्रॉपडाउन आहेत: एकात 'घे', 'घे आणि काढ', 'काढ', दुसऱ्यात 'क्रमांक', 'शेवटून क्रमांक', 'पहिला', 'शेवटचा', 'कुठलाही'. पॅलेट आटोपशीर होतं हे खरं. पण 'घे' निवडलं की तो ब्लॉक उत्तर देणारा असतो, आणि 'काढ' निवडलं की त्याचा आकार बदलून तो आज्ञा होतो. आकार हेच ब्लॉक-भाषेचं व्याकरण आहे. नवशिक्या माणसाने नुकतं शिकलेलं व्याकरण एका ड्रॉपडाउनने बदलू नये. माहिती देणारा ब्लॉक आणि लिस्टमध्ये बदल करणारा ब्लॉक वेगळे ठेवा, मग पॅलेटमध्ये चार ओळी जास्त झाल्या तरी चालतील.

स्क्रॅचचा सगळ्यात चांगला निर्णय मात्र ब्लॉकमध्ये नाही, तो स्टेजवर आहे. लिस्ट बनवली की तिची खिडकी लगेच दिसते, डावीकडे क्रमांक, उजवीकडे घटक, खाली लांबी. प्रोग्राम चालू असताना ती बदलताना दिसते. त्या खिडकीत हाताने घटक टाइप करता येतो, राइट-क्लिक करून फाइलमधून लिस्ट आणता येते. टाइप करायच्या भाषेत जे पाहायला डिबगर उघडावा लागतो, ते इथे आपोआप समोर आहे. ही खिडकी नंतर करू, असं म्हणून मागे ठेवू नका. लिस्टचा पहिला ब्लॉक चालायच्या आधी ती तयार हवी. एक तांत्रिक सूचना: पडद्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्याच काढा. स्क्रॅच ३.० मध्ये एका लिस्टला दोन लाख घटकांची मर्यादा आहे. तेवढ्या ओळी ब्राउझरला एकदम काढायला लावल्या तर तो थिजेल. आणि नुकताच बदललेला घटक क्षणभर रंगाने उठवून दाखवा.

क्रमांक कुठून सुरू करायचा, यावर वाद पुष्कळ होतात, पण माझ्या मते निर्णय सोपा आहे. डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली शून्यापासून मोजण्याच्या बाजूने एक छोटं टिपण लिहिलं आणि बहुतेक टाइप करायच्या भाषा त्याच मताच्या आहेत. दृश्य भाषांमध्ये दोन्ही पंथ दिसतात. स्क्रॅच, स्नॅप आणि ॲप इन्व्हेंटर या ब्लॉकच्या भाषा एकपासून मोजतात, लॅबव्ह्यू आणि ग्रासहॉपर या तारांच्या भाषा शून्यापासून. तुमचा वापरणारा शाळकरी असेल, दुकानदार असेल, शिक्षक असेल, तर एकपासून मोजा. तो उद्या पायथनकडे जाणार असेल तरीही एकपासूनच मोजा, आणि पायथनचा कोड तयार करताना एक वजा करायचं काम तुमच्या जनरेटरला द्या. ब्लॉकलीमध्ये ही सोय सेटिंगमध्येच आहे आणि मुळात ती एकपासूनच्या बाजूने लावलेली असते. वापरणारे आधीपासून कोड लिहिणारे असतील तर शून्य घ्या. काहीही घेतलंत तरी लिस्टच्या खिडकीतल्या डावीकडच्या आकड्यांत ते दिसलं पाहिजे, म्हणजे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता ज्या ठिकाणी बहुतेक दृश्य भाषा घसरतात तिथे जरा थांबू. पाच घटकांच्या लिस्टमध्ये सातवा घटक मागितला तर काय होतं? स्क्रॅच रिकामा मजकूर देतं. सातव्या जागी काही लिहायला गेलात तर काहीच होत नाही, आणि तसं झाल्याचं कळतही नाही. लॅबव्ह्यू त्या प्रकाराचं मूळ मूल्य देतं, म्हणजे संख्यांच्या ॲरेत शून्य. ॲप इन्व्हेंटर एरर दाखवून ते काम थांबवतं.

मुलांच्या भाषेत लाल एरर नको, प्रोग्राम अडखळला तरी चालू राहावा, हा स्क्रॅचचा विचार मला समजतो आणि तो प्रेमाने केलेला आहे. पण त्याची किंमत पाहा. वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा लूप एकदा जास्त फिरला, तर रिकामा मजकूर बेरजेत शून्य धरला जातो. बेरीज बरोबर येते. भागाकार जर फेऱ्यांच्या संख्येने केला असेल तर सरासरी थोडी कमी येते, आणि थोडं चुकलेलं उत्तर कुणाच्या लक्षात येत नाही. लॅबव्ह्यूमध्ये तर ते शून्य म्हणजे सेन्सरने मोजलेलं खरं शून्य की हद्दीबाहेरचं, हे तारेकडे बघून कळायला मार्ग नाही.

यावर उपाय आहे, आणि तो दृश्य भाषेलाच जमण्यासारखा आहे. प्रोग्राम थांबवू नका, पण चूक ज्या ब्लॉकमध्ये झाली त्याच्याभोवती ठळक कडा आणा आणि ती प्रोग्राम संपला तरी राहू द्या. त्यावर बोट ठेवलं की 'लिस्टमध्ये ५ घटक आहेत, तुम्ही ७वा मागितला' एवढं साधं वाक्य दिसू द्या. 'काही नाही' यासाठी रिकाम्या मजकुराहून आणि शून्याहून वेगळं मूल्य ठेवा, आणि खिडकीत ते वेगळं दाखवा. वाचण्यातली चूक एक वेळ इतकी सौम्य चालेल. लिहिण्यातली चूक मात्र कधीही गिळू नका, कारण तिथे वापरणाऱ्याची माहिती हरवते.

याहून अवघड प्रश्न आहे तो प्रतीचा. समजा 'जुनी यादी' नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिस्ट आहे. वापरणाऱ्याने 'नवी यादी = जुनी यादी' असा ब्लॉक जोडला आणि नव्या यादीत एक नाव घातलं. जुन्या यादीत ते दिसेल का? वर्गाचा हजेरीपट दोन शिक्षकांनी वापरायचा असेल तर एकच वही दोघांच्या हातात फिरू शकते किंवा झेरॉक्स काढून दुसरी देता येते. दोन्ही सोयी उपयोगाच्या आहेत. आपल्या हातात मूळ वही आहे की झेरॉक्स, हे न कळणं तेवढं घातक आहे.

स्क्रॅचने हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. तिथे लिस्ट व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही, स्वतः बनवलेल्या ब्लॉकला पाठवता येत नाही, लिस्टमध्ये लिस्ट घालता येत नाही. गोंधळ टळला, पण एका लिस्टसाठी लिहिलेला क्रम लावण्याचा ब्लॉक दुसऱ्या लिस्टला वापरता येत नाही. सगळं पुन्हा जोडावं लागतं. ब्रायन हार्वे आणि येन्स म्योनिग यांनी बर्कलीत घडवलेल्या स्नॅपने, ज्याचं आधीचं नाव बीवायओबी होतं, हीच भिंत पाडली. स्नॅपमध्ये लिस्टला संख्येइतकेच अधिकार आहेत: नाव न देता बनवा, ब्लॉकला पाठवा, उत्तर म्हणून परत द्या, दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवा. मात्र त्याबरोबर एकच लिस्ट दोन नावांनी वावरण्याची शक्यताही आली. ॲप इन्व्हेंटरमध्येही तेच, आणि म्हणून तिथे लिस्टची प्रत काढायचा वेगळा ब्लॉक द्यावा लागला.

अनरियल या गेम इंजिनच्या ब्लूप्रिंट या दृश्य भाषेत ॲरेतून घटक काढायचे दोन नोड आहेत आणि कुठला नोड प्रत देतो व कुठला मूळ घटक हाती देतो, हे मेनूत नावासोबतच लिहिलेलं असतं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. वाचणाऱ्याला नियम पाठ करायला न लावता निवडीच्या जागीच तो सांगितला आहे.

तुमची भाषा तारांची असेल, म्हणजे माहिती एका नोडमधून दुसऱ्यात वाहत जाणारी असेल, तर प्रत हाच नियम ठेवा. तार दोन वाटांनी फुटली की दोन्ही वाटांना स्वतःची लिस्ट मिळाली पाहिजे. तसं चित्रातूनच दिसतं. यात मेमरी फुकट जाईल ही भीती धरू नका. खरी प्रत कुणीतरी बदल करेपर्यंत पुढे ढकलता येते. स्विफ्टमधले ॲरे असेच वागतात आणि लॅबव्ह्यूचा कंपायलरही शक्य तिथे प्रत टाळतो. तुमची भाषा ब्लॉकची आणि व्हेरिएबलची असेल आणि स्नॅपसारखी सामायिक लिस्ट हवीच असेल, तर दोन नावांच्या दोन खिडक्या दाखवू नका. एकच खिडकी दाखवा आणि तिच्या माथ्यावर दोन्ही नावं लिहा. विद्यार्थ्याला एका नजरेत कळेल.

खाचेचा आकारही इथेच ठरवा. स्क्रॅचमध्ये लिस्टचा ब्लॉक गोल असतो, म्हणून तो 'म्हण' ब्लॉकमध्ये सहज बसतो आणि लिस्टचा मजकूर होतो. १०, २०, ३० ही लिस्ट टाकली तर मांजर '१० २० ३०' असं मोकळ्या जागा सोडून म्हणतं. १, २, ३ टाकली तर मात्र '१२३' म्हणतं, कारण सगळे घटक एकेका अक्षराचे असले की मध्ये जागा सोडली जात नाही. अक्षरांचे शब्द बनवायला ही सोय केली असावी. पण एकाच ब्लॉकची दोन वागणी विद्यार्थ्याने कशी ओळखायची? स्नॅपमध्ये लिस्टच्या खाचेत लिस्टचं छोटं चित्र असतं. लॅबव्ह्यूमध्ये संख्येची तार बारीक, ॲरेची जाड आणि मिती वाढली की आणखी जाड. ग्रासहॉपरमध्ये एका मूल्याची तार एकेरी, लिस्टची दुहेरी आणि लिस्टच्या झाडाची दुहेरी तुटक. यातलं काहीही उचला, पण लिस्ट आणि एकटं मूल्य एकसारखे दिसू देऊ नका.

लूपचा विचार लिस्टपासून तोडून करू नका. १९८६ साली आलेल्या लॅबव्ह्यूने एक सुंदर कल्पना दिली: ॲरेची तार लूपच्या चौकटीला लावली की आत एकेक घटक येतो, बाहेर जाताना उत्तरांचा पुन्हा ॲरे बनतो. क्रमांक सांभाळणारं व्हेरिएबलच लागत नाही. पण दोन वेगळ्या लांबीचे ॲरे लावले तर लूप लहान ॲरेइतकाच फिरतो आणि मोठ्याचे उरलेले घटक गुपचूप सुटतात. ग्रासहॉपर याच्या उलट वागतो: मोठी लिस्ट संपेपर्यंत चालतो आणि लहान लिस्टचा शेवटचा घटक पुन्हा पुन्हा वापरतो. दोन्ही नियमांमागे विचार आहे, ग्रासहॉपर जिथे वापरतात त्या वास्तुरचनेच्या कामात दुसरा सोयीचाही पडतो. तुम्ही कुठलाही नियम घ्या. पण लांब्या जुळत नसतील तेव्हा चौकटीवर '५ विरुद्ध ८' असं दाखवा.

ब्लॉकच्या भाषेत 'लिस्टमधल्या प्रत्येकासाठी' हा ब्लॉक पहिल्याच दिवशी द्या. तो नसला की लोक मोजणीच्या लूपने काम भागवतात आणि मग एक ठरलेली चूक करतात: पुढे जाता जाता घटक काढत जातात. तिसरा काढला की चौथा त्या जागी सरकतो, आणि क्रमांक मात्र चारवर गेलेला असतो; मधला एक तपासायचाच राहतो. यावर 'अटीत बसणारे तेवढे ठेव' असा ब्लॉक हे उत्तम औषध आहे. तो नवी लिस्ट देतो, चालू लिस्टला हात लावत नाही.

लिस्टमध्ये लिस्ट कधी द्यायची? माझं मत असं, की त्याआधी नावांचे रकाने असलेला रेकॉर्ड द्या. शाळेतल्या, दुकानातल्या, शेतातल्या नोंदींना नाव, तारीख, वजन, भाव असे रकाने असतात. रेकॉर्ड नसला की लोक चार समांतर लिस्ट ठेवतात, आणि त्यातल्या एकीचाच क्रम लावला की सगळ्या नोंदी विस्कटतात. लॅबव्ह्यूने क्लस्टर या नावाने ही सोय दिली, ॲप इन्व्हेंटरने पुढे डिक्शनरी आणली. रेकॉर्डची लिस्ट स्नॅपसारखी तक्त्यात दाखवा. एक्सेलची सवय असलेल्यांना ती लगेच उमजते. ग्रासहॉपरसारखी खोल झाडं फक्त तज्ज्ञांच्या साधनात ठेवा. तिथेही झाड सपाट करावं की आणखी फांद्या फोडाव्यात, हे नव्या माणसाला बराच काळ कळत नाही.

ग्रीन आणि पेट्रे यांनी १९९६ मध्ये लॅबव्ह्यू आणि प्रोग्राफ या दृश्य भाषा तपासताना एका गोष्टीवर बोट ठेवलं: अशा भाषांत लहानसा बदल करायलाही पुष्कळ हलवाहलव करावी लागते. लिस्टमध्ये हे फार जाणवतं. तीस नावांची लिस्ट करायला तीस खाचा आणि तीस ब्लॉक ओढायला लावू नका. ब्लॉकच्या टोकाला अधिक-उण्याचे बाण द्या, आणि स्वल्पविराम किंवा नव्या ओळींनी तोडलेला मजकूर चिकटवला की त्याची लिस्ट होऊ द्या.

मराठी वापरणाऱ्यांसाठी भाषा घडवत असाल तर आणखी तीन गोष्टी तपासा. 'नमस्ते' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट सहा सांगते आणि चौथं अक्षर मागितलं तर एकटं हलंत चिन्ह हाती येतं, कारण स्वर-चिन्हं आणि हलंत वेगळे मोजले जातात. मूल मात्र न, म, स्ते अशी तीन अक्षरं मोजतं आणि ते बरोबर आहे. ब्राउझरमध्ये मजकूर अक्षरांत तोडणारं सेगमेंटर असतं ते वापरा. जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडच्या २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला आहे, म्हणून जुन्या ब्राउझरवरही चाचणी करा. दुसरं, क्रम लावणं. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून नुसत्या क्रमांकाने लावलं तर 'काळजी' आधी आणि 'कावळा' नंतर येतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर आहे, तेव्हा 'कावळा' आधी हवा. तिसरं, अंक. देवनागरीत '१०' टाइप केलं तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही; संख्या नसलेलं सगळं शून्य धरणाऱ्या भाषेत अशा लिस्टची बेरीज शून्य येते. लिस्टमध्ये घटक शिरतानाच देवनागरी अंक ओळखा.

स्टॅक आणि क्यू यांना स्वतंत्र ब्लॉक देण्याची घाई करू नका. 'शेवटी जोड', 'पहिला काढ', 'शेवटचा काढ' यांनी दोन्ही बनतात आणि बनवता बनवता विद्यार्थी ते शिकतो. आधी लिस्ट आणि तिची खिडकी, मग 'प्रत्येकासाठी', मग रेकॉर्ड, मग डिक्शनरी, या क्रमाने चला. आणि कोड लिहायच्या आधी ब्लॉक कागदावर काढून कापा, ते एखाद्या आठवीतल्या मुलीसमोर ठेवा आणि तिला वर्गातले सर्वाधिक गुण शोधायला सांगा. ती जिथे अडेल तिथला ब्लॉक बदला.